सरदारांची घोडी आणि मधवाल्यांची वाट

आमचे हे घोडीवर बसून वळताना हात दाखवतात. डावीकडे वळायचं तर डावा हात सरळ बाहेर, उजवीकडे वळायचं तर उजवा. मागं कोण असतं? कुणी नाही. फार तर एखादी कोंबडी. पण नियम तो नियम! अठ्ठावीस वर्षं या माणसानं लोकांना मोटार चालवायला शिकवली, शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. घोडीला ब्रेक नसतो हे लक्षात यायला तीनदा पडावं लागलं.

माझं डोकं भडक आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणू नका, ही बाई नवऱ्याबद्दल असं काय बोलते म्हणून. मी शिवणकाम करते. शहरात माझ्या दोन मशिनी रात्रंदिवस चालायच्या, तीन शाळांचे गणवेश माझ्याकडे होते. ते सगळं बंद करून मी या गावात आले. बायका नवऱ्याच्या बदलीपायी गाव सोडतात. मी घोडीपायी सोडलं.

झालं असं, की पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, आयुष्यभर बसून काढलंय, आता जरा हातपाय हलवा. शहाणी माणसं असं ऐकून चालायला जातात. हे घोडेस्वारीच्या शाळेत गेले. म्हणजे पुन्हा बसायलाच गेले, फक्त उंचावर! तिथं ह्यांच्या वाट्याला एक तपकिरी घोडी आली. शेकडो पोरं तिच्या पाठीवर शिकून गेली होती, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. नवशिका माणूस एका बाजूला कलंडायला लागला की ती आपण होऊन थांबायची. ह्यांना त्याचं केवढं कौतुक! जेवताना, झोपताना, तेच. मग ती शाळा बंद पडली. तरणे घोडे आठवड्याभरात गेले. एकोणीस वर्षांच्या मास्तरणीला कुणी विचारेना.

एका संध्याकाळी हे जेवता जेवता म्हणाले, "मी तिला आणतोय."

"कुठं? बाल्कनीत?" मी म्हटलं.

ह्यांनी पुढचा घास घेतला. महिन्याभरात हे घर बघितलं, मागं गोठा असलेलं. आणि मी दोन मशिनी ट्रकात चढवल्या.

घराबद्दल माझी तक्रार नाही. भिंती जाड आहेत, उजेड चांगला येतो, माझं मशीन खिडकीपाशी बसलं. रडगाणं आहे ते वाटेचं. मास्तरणीला चरायला कुरण घेतलं ते ओढ्याकाठी, आणि तिथं जायला आमच्या मागच्या दारातून निघणारी एकच वाट. दोनशे पावलांची, जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी. दुसऱ्या बाजूनं गेलं तर मोठा रस्ता लागतो, आणि तिथं ट्रकचा हॉर्न वाजला की मास्तरीण जागच्या जागी उभी राहून थरथरते, हलत नाही. तेव्हा जायचं ते याच वाटेनं. आणि ही वाट कागदोपत्री आमच्या शेजाऱ्यांची, मधवाल्यांची. गावातले लोक तिथून येतात-जातात ते जुन्या ओळखीवर.

मधवाले साठीच्या आसपासचे, किरकोळ अंगाचे, तोंडानं कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारे. वाटेच्या कडेनं त्यांच्या मधाच्या चाळीस पेट्या ओळीनं मांडलेल्या. त्यांचं घर त्या पेट्यांवर चालतं.

पहिलं भांडण लिदीवरून झालं. मास्तरणीनं वाटेत लीद टाकली, तीही नेमकी मधवाल्यांच्या फाटकासमोर. हे घरी आले, फावडं घेऊन गेले, सगळी लीद बादलीत भरली. इथवर ठीक. पण पुढं काय करावं? बादली त्यांच्या फाटकाशी ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, 'उत्तम खत. घेऊन जावे.' सकाळी मधवाल्यांची बायको दार उघडते तर समोर ही भेट! ती बादली तिनं आमच्या पायरीवर आणून आदळली आणि मला म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं शहरात अशी पद्धत असेल. आमच्याकडं दुसऱ्याच्या दारात घाण ठेवत नाहीत."

मी काय बोलणार? बादली बाजूला सरकवली. हे आतून म्हणाले, "खत आहे ते. घाण नाही." मी म्हटलं, हे त्यांच्या दारात उभं राहून सांगा ना, माझ्या कानात काय सांगता! गेले नाहीत.

दुसरं भांडण माश्यांचं. सकाळी घोडी शांतपणे जायची, पण अकराच्या सुमारास हे दौडून परत यायचे तेव्हा ती घामानं निथळत असायची. एके दिवशी दहा-बारा माश्या तिच्या कानावर बसल्या आणि मास्तरीण, जी जन्मात कधी उधळली नव्हती, ती उधळली. कुंपणाचे चार खुंट तिनं पाडले. हे मधवाल्यांच्या भाजीच्या वाफ्यात उताणे. तिथून, त्या मेथीतून, ह्यांनी हात वर केला. कशाला? तर चूक झाली, हे दाखवायला. मोटारवाले एकमेकांना दाखवतात तसा. मी मागच्या दारातून बघत होते, हसावं की रडावं कळेना.

मधवाले येऊन उभे राहिले. "माश्यांना घोड्याचा घाम चालत नाही," ते म्हणाले. "उन्हं वर आली की इकडून आणू नका."

एवढंच बोलले हो! या एका वाक्यावर सगळं मिटलं असतं. ह्यांनी कपडे झटकून "बरं भाऊ, चहा घ्यायला या" म्हणायचं, संपलं. पण नाही. ह्यांनी घरी येऊन वेळापत्रक केलं. सोमवार ते रविवार, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, 'अपवादात्मक परिस्थिती' असा एक वेगळा रकाना. ते प्लास्टिकमध्ये घालून मधवाल्यांच्या फाटकाला बांधलं. आणि वाटेच्या तोंडाशी पाटी रोवली, 'सावकाश. घोडा.'

झालं! गावात बोंब. दुकानदारीण मला साखर देता देता म्हणाली, "काय हो, तुमचे सरदार आता आम्हाला आमच्याच वाटेवर सावकाश चालायला सांगणार का?" तेव्हापासून सगळं गाव ह्यांना सरदार म्हणायला लागलं. पाटी दोनदा उपटली गेली. ह्यांनी दोनदा परत रोवली. तिसऱ्यांदा ती मीच उपटली आणि बंबात घातली. हे आठ दिवस शोधत होते.

आता खरा पराक्रम ऐका. ह्यांनी विचार केला, माश्यांना घामाचा वास नको ना? मग घामाचा वास येताच कामा नये. दुकानातून गवती चहाच्या तेलाच्या सहा बाटल्या आणल्या. रोज खरारा झाला की ते तेल पाण्यात मिसळून घोडीच्या अंगाला, खोगिराखालच्या कापडाला चोळायचं, आणि खोगिराला तर निव्वळ तेल. सगळ्या घराला वास. माझ्या शिवायच्या कापडांना वास. एक बाई झगा परत घेऊन आली, म्हणाली, घातला की सर्दीचं औषध लावल्यासारखं वाटतं.

"गोमाश्यासुद्धा बसत नाहीत," हे खुशीत सांगायचे. "विज्ञान आहे त्यात."

तो मोसम मधमाश्यांचं घर फुटण्याचा होता. हे मला नंतर कळलं. या दिवसांत पेटीतली जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते, नव्या जागेच्या शोधात. मधवाल्याचा सगळा जीव त्या दोन-तीन आठवड्यांत टांगलेला असतो. निघालेला थवा जवळच कुठं बसला तर पकडून नव्या पेटीत घालायचा, नाही तर गेला तो गेला.

एका दुपारी मी कुंपणावर कपडे वाळत घालत होते. शेजारी खोगीर वाळत होतं. एकदम मोठा घूं घूं आवाज आला. वर बघते तर आभाळ काळं! मी टोपली टाकून घरात पळाले, दार लावलं, खिडकीतून बघितलं. तो सगळा थवा हळूहळू खाली आला आणि आमच्या खोगिरावर बसला. नुसता बसला नाही, चिकटला, एकावर एक, हातभर जाडीचा. खोगीर दिसेना. रिकिबींवरसुद्धा घड लटकले.

पाठोपाठ मधवाले धावत आले, तोंडावर जाळी, हातात रिकामी पेटी. खोगिरापाशी आले आणि थबकले. जाळी वर केली. वास घेतला.

"हे तेल कुणी लावलं?"

"मी," हे गोठ्यातून म्हणाले. "माश्यांना त्रास होऊ नये म्हणून."

मधवाल्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "मी माश्या बोलवायला रिकाम्या पेटीला आतून हेच तेल लावतो," ते म्हणाले. "एक थेंब. तुम्ही अख्खी घोडी माखली! या महिन्यात माझे दोन थवे गेले. मला वाटलं रानात गेले. तुम्ही रोज माझ्या पेट्यांसमोरून त्यांना आमंत्रण देत होता?"

यावर माणसानं काय करावं? हात जोडावेत, पाय धरावेत, निदान "अहो, मला माहीत नव्हतं हो" म्हणावं. हे उभेच. मग हळूच उजवा हात वर केला, तोच, चूक झाली वाला. मला वाटलं, आता मधवाले ते खोगीर माश्यांसकट ह्यांच्या डोक्यात घालतात!

त्यांनी तसं केलं नाही. थवा पेटीत झटकला, झाकण लावलं, आणि जाताना शांतपणे म्हणाले, "उद्यापासून वाट बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेच्या दोन्ही टोकांना साखळी आणि कुलूप. गावकऱ्यांना किल्ल्या दिल्या. आम्हाला नाही.

ह्यांनी काय केलं असेल? पत्र लिहिलं. चार पानी. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन, तेलाच्या रसायनांची माहिती, आणि शेवटी 'आपण वाट बंद करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.' मी कपाळावर हात मारला. अहो, भांडणात समोरच्याचा अधिकार कोण असा लिहून देतं? पत्र तसंच परत आलं, पाकीटसुद्धा न फोडता.

मास्तरीण गोठ्यात अडकली. कुरण समोर दिसायचं तिला, ती कुंपणावर मान टाकून तिकडंच बघत उभी राहायची. आम्ही दोघं मोठ्या रस्त्यानं कुरणात जायचो, गवत कापायचो, भारे बांधून स्कूटरवर आणायचो. दिवसाला पाच खेपा. माझे गुडघे आधीच दुखरे. शिवणाची कामं पडून राहिली. चौथ्या दिवशी भारा सुटून भर रस्त्यात पडला, मागचे ट्रकवाले शिव्या द्यायला लागले, आणि माझा तोल सुटला. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ओरडले, "एक तर ही घोडी राहील, नाहीतर मी! विकून टाका, कुणाला तरी देऊन टाका, मला नकोय ती!"

हे गवत गोळा करत होते. म्हणाले, "बरं."

ह्यांच्या 'बरं'ला काही अर्थ नसतो. जेवायला वाढू का, बरं. दिवे गेले, बरं. आग लागली, बरं. मी लक्ष दिलं नाही.

दोन दिवसांनी चहा पिताना म्हणाले, "रविवारी एक जण येतोय. बघायला."

"काय बघायला?"

"घोडी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. एकोणीस वर्षांची घोडी व्यापारी कशासाठी नेतो, हे मला सांगायची गरज नव्हती. ह्यांनाही नव्हती. पण चेहरा बघा, ढिम्म! कप धुतला, उपडा ठेवला, खरारा करायला गेले. मला इतका संताप आला, इतका संताप आला, की चप्पल न घालता मी तशीच तरातरा मधवाल्यांच्या घरी गेले.

ते ओट्यावर मधाच्या पेटीच्या चौकटीत तारा बसवत होते. मी सुरूच केलं. म्हटलं, भाऊ, तुमचं नुकसान झालं, कबूल. पण एका मुक्या जनावराला तुम्ही कसायाच्या दारात ढकलताय. त्या माणसानं चार पानी पत्र लिहिलं, वेळापत्रक केलं, अजून काय करावं त्यानं?

मधवाल्यांनी तार खाली ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "सात महिने झाले तुम्हाला इथं येऊन. चिठ्ठी आली, पाटी आली, वेळापत्रक आलं, पत्र आलं. माणूस आला का? एकदा तरी? रोज माझ्या दारावरून जातात, वरून हात करतात. मी मान वर करून किती दिवस बोलू?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण खरं होतं. मी घरी आले, ह्यांच्या हातातला खराऱ्याचा ब्रश काढून घेतला आणि म्हटलं, "चला. चालत. आणि कागद-पेन घरी ठेवा."

"काय बोलू मी तिथं?" हे म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज अगदी पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसलेल्या शिकाऊसारखा.

"काहीही बोला. पण बोला!"

मधवाले पेट्यांपाशी गेले होते, एका उपड्या खोक्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, फक्त जरा सरकले. हे त्यांच्या शेजारी बसले. मी मागं उभी राहिले. दोघं समोर आत-बाहेर करणाऱ्या माश्यांकडं बघत होते. मी मनातल्या मनात दात-ओठ खात होते. बोला ना, बोला ना!

मग, समोर बघतच, हे बोलले. "मला ती द्यायची नाही."

मधवाल्यांनी मांडीवरची माशी हलकेच उडवली.

"मला ती द्यायची नाही," हे पुन्हा म्हणाले, आणि आवाज फाटला. "शाळेत शेवटच्या दिवशी सगळे घोडे गेले, ती एकटी उरली. मला सोडून कुणाला नको होती. आता इथं तुम्हाला नको. घरी हिला नको, हिनं सांगितलं तसं. मग मी तरी कुणाच्या बळावर ठेवू?"

मधवाल्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. भुवई वर गेली नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मी नजर वळवून पेट्यांकडं बघायला लागले.

"एवढं लिहायचं होतं मग," मधवाले ह्यांना म्हणाले. "चार पानं लिहिलीत. त्यात हे कुठंच नव्हतं का?"

"पाकीट फोडलं नाहीत तुम्ही," हे म्हणाले.

"फोडलं असतं तर होतं का?"

"नाही."

मधवाले एकदाच हसले, नाकातून. मग किल्ली काढली खिशातून, पण लगेच दिली नाही. त्यांच्या अटी होत्या. ऊन पेट्यांवर यायच्या आत जायचं. घोडी कुरणातच ठेवायची, माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी आणायची. तेलाचा थेंब नाही. आणि या दोनशे पावलांत घोडीवर बसायचं नाही, खाली उतरून, लगाम हातात धरून चालायचं. हे प्रत्येक अटीला मान हलवत होते. मला वाटलं, आता खिशातून कागद काढून टिपून घेतात. पण नाही घेतलं.

घरी येताना हे माझ्या पुढं चालत होते. मला म्हणायचं होतं, अहो, मी रागाच्या भरात बोलले, तुम्ही खरं कसं धरलंत? तीस वर्षांत माझ्या रागाची ओळख नाही झाली? पण खरं सांगू, मलाच माझी चीड आली होती. मी सात महिने त्या घोडीच्या नावानं बोटं मोडली. ती आली तेव्हापासून, रोज. माणसानं कशावरून ओळखायचं, की यातलं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं नुसता राग?

हे गोठ्यात गेले. मी घरात येऊन त्यांचा फोन उचलला आणि त्या व्यापाऱ्याला लावला. म्हटलं, रविवारी येऊ नका, घोडी द्यायची नाही.

"का हो? दुसरं गिऱ्हाईक मिळालं का?" तो म्हणाला.

"नाही. ती आमच्याकडंच राहणार."

"असं कसं? मालक तर म्हणाले, घरात बाईंना नको आहे म्हणून देतोय."

"बाईच बोलतेय," मी म्हटलं.